मारियामायची ओटी

आमच्या बैलांना बारा वाजलेले कळत. घरात घड्याळ नव्हतं, बाबांच्या मनगटावरही नव्हतं, पण आमच्या मळ्याला लागूनच सिस्टरांच्या शाळेची भिंत होती. भिंतीपलीकडून चॅपेलची दुपारची घंटा झाली की मोट ओढणारे दोन्ही बैल धावेवर, विहिरीच्या उतारावर, असतील तिथे थांबत. बाबा रोज घंटेलाच त्यांना सोडत, तेव्हा सवय बाबांनीच लावलेली. पण मोट अर्ध्यावर असताना बैल थांबले की ती पुन्हा विहिरीत जायची आणि बाबा वैतागायचे. "हे दोघंबी किरिस्ताव झाले बे," असं म्हणत ते जू काढत. मग विहिरीच्या चाकाची कुरकुर बंद व्हायची, आणि शाळेतून शेदीडशे पोरांचा एका सुरातला आवाज वांग्यांच्या वाफ्यांवरून आमच्या चुलीपर्यंत यायचा. त्या शेदीडशेत एक आवाज माझा असे. माझी द्वारकाआत्या चुलीपुढे भाकर थापता थापता तो ओळखायचा प्रयत्न करी. ओळखू यायचा नाहीच, पण संध्याकाळी मला सांगायची, "आज तुहा आवाज लय चांगला आला, इमल."

माझं नाव विमल. घरात मला कोणी विमल म्हटलं नाही, माळ्याच्या घरात इमलच. शाळेत मात्र सिस्टर रेमेडिया 'विमल' असं पूर्ण, स्वच्छ म्हणायच्या. त्या गोव्याकडून आलेल्या, मराठी पुस्तकांवरून शिकलेल्या. "तू आज उशिरा का आलीस?" असं त्या विचारायच्या, आणि आमच्याकडे असं फक्त धड्यातली माणसं बोलत. मुख्याध्यापिका त्याच, आमच्या चौथीच्या वर्गशिक्षिका त्याच, आणि गुडघा फुटला तर आयोडीन लावणाऱ्याही त्याच. चण अगदी लहान, झगा पांढरा, डोक्यावर पांढरं वस्त्र, पायात पुरुषी बूट. वर्गात नव्या राज्याचा नकाशा नुकताच लागला होता आणि त्याला अजून रंगाचा वास येत होता. त्याच्या शेजारी क्रूस होता. माझ्या डोक्यात कितीतरी दिवस महाराष्ट्र आणि येशू हे एकाच वेळी आलेले पाहुणे होते.

शाळेचा दिवस प्रार्थनेनं सुरू व्हायचा आणि प्रार्थनेनंच संपायचा, आणि मधेही कुठे रिकामी जागा सापडली की तिथे एक प्रार्थना असायचीच. सकाळी लिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर ठोका पडला की ओळी लागत. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या. आम्ही हिंदूंची, मुसलमानांची पोरं. आम्हांला क्रूस करायची सक्ती नव्हती, हात जोडले तरी चालत. पण कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा यात जी ऐट होती ती नुसत्या नमस्कारात कुठून येणार? सगळेच करायचे. मी घरी भाकरीपुढे केला तेव्हा बाबा म्हणाले, "काऊन वं, माशा बसून राह्यल्या का अंगावर?" जेवणाआधी लिंबाखाली बसून प्रार्थना, डोळे मिटून. ते मिटलेले डोळे फार महागात पडत, कारण तेवढ्यात शेजारची पोरगी ठेच्याची गोळी पळवायची. परीक्षेआधी प्रार्थना, सुटताना प्रार्थना, कुणी आजारी असेल तर त्याच्यासाठी वेगळी. महिन्यातून एकदा फादर मोटरसायकलवरून येत आणि चॅपेलमध्ये आमच्याकडे पाठ करून लॅटिनमध्ये काहीतरी म्हणत. आम्हांला त्यात काहीच नवल वाटत नसे. सत्यनारायणाला भटजी जे म्हणत तेही कोणाला समजत होतं?

पण सगळ्यांत मजेची बाराची. घंटेचा पहिला ठोका ऐकला की जो जिथे असेल तिथे उभा, डोळे मिटून, हात जोडून. हातात खडू असेल तर खडू, तोंडात बोर असेल तर बोर. एकदा लिंबाच्या फांदीला लोंबकळणारा एक मुलगा घंटा झाली म्हणून तसाच लोंबकळत राहिला आणि प्रार्थना संपल्यावर धपकन पडला. सिस्टर रेमेडियांनी त्याला आयोडीन लावलं आणि पूर्ण शाळेसमोर शाबासकीही दिली. आज माझ्या नातीच्या शाळेतली प्रार्थना लाऊडस्पीकर म्हणतो आणि मुलं ऐकतात. मला ते बरं वाटत नाही, पण मला विचारतो कोण.

त्या शाळेत मी गेले ती आत्यामुळे. बाबांच्या मनात मला गावच्या मराठी शाळेत घालायचं होतं, मायच्या मनात कुठेच नव्हतं. आत्या बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन वर्ष-दोन वर्षांत नवरा पटकीनं गेला आणि ती परत भावाच्या घरी आली. पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून द्यायचं घाटत होतं, आमच्यात ती रीत होती. तिनंच नको म्हटलं. मग ती घरातच राहिली, आणि घर तिच्यावर. महालक्ष्म्यांच्या सणाला सोळा भाज्या ती चिरायची, पुरण ती वाटायची, अंबाडीची भाजी तिच्यासारखी कोणाला जमत नसे. पण गौरीच्या ओट्या भरायची वेळ झाली की ती चुलीमागे जाऊन बसायची, कारण तिच्या कपाळी कुंकू नव्हतं. आणि नांदुऱ्याच्या बाजाराचा दिवस असला, पहाटे बाबांची भाजीची गाडी निघायची असली, की ती गोठ्यामागे जाऊन उभी राहायची. गाडीला आपण आडवं जाऊ नये, माल विकायचा राहू नये. तिला असं कोणी सांगितल्याचं मी ऐकलं नाही. तसं सांगावं लागत नाही, हेच वाईट. गाडीच्या चाकांचा आवाज रस्त्याला लागला की ती शेणाची पाटी हातात घेऊन बाहेर यायची, जणू गोठ्यात काम होतं म्हणूनच गेली होती.

आत्यानं सिस्टरांना पहिल्यांदा पाहिलं ते बाजारात. पांढऱ्या कपड्यातली, कपाळ मोकळं असलेली ती एवढीशी बाई भर सकाळी बैलगाड्यांच्या मधून तरातरा चालत होती, भोपळ्याचा भाव करत होती, आणि एकाही माणसानं तोंड फिरवलं नाही. घरी आल्यावर आत्या बाबांना म्हणाली, "इमलले तिथंच घाल. तिथं बिनकुंकवाची बाई घंटा वाजवते आन् सारं गाव ऐकते." बाबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शाळेत नेलं.

शाळेतून आले की मी आत्याला त्या दिवसाचं सगळं सांगायची. तिला येशूच्या आईत, मारियेत, फार रस होता. मारियामाय म्हणायची ती तिला. चॅपेलच्या उघड्या दारातून तिनं मारियेची मोठी मूर्ती एकदा रस्त्यावरून लांबून पाहिली होती. तिचे प्रश्न सिस्टरांच्या धड्यात नसायचे.

"तिचा नवरा काय करते?"

"सुतार हाय."

"जिता हाय?"

"हाव, हाय ना. तिच्यासंगच राह्यते."

"मंग कपाळ काऊन रिकामं?"

हे सिस्टरांना विचारायची माझी छाती नव्हती. कारण नारळाची गोष्ट ताजी होती, आणि तेवढी एक मी भीतीनं घरी सांगितली नव्हती. चौथीतल्या एका थोराड मुलीनं परीक्षेच्या सकाळी चॅपेलच्या पायरीवर नारळ फोडला होता आणि हळदकुंकू वाहिलं होतं. सिस्टर रेमेडियांनी स्वतः बादली आणून पायरी धुतली. मग सर्वांना उभं करून म्हणाल्या, "प्रत्येक घराची रीत असते. या घराची रीत वेगळी आहे. ज्यांना ती पाळायची नसेल त्यांनी येथे येऊ नये." त्या मुलीच्या बापाला बोलावणं गेलं. ती मुलगी पुन्हा शाळेत दिसली नाही. तिला काढलं की बापानंच नेलं, हे आम्हांला कळलं नाही, पण आम्ही पोरांनी काढलं असंच धरून चाललो.

मग ऑक्टोबर आला. तो सिस्टरांकडे मारियेचा महिना. रोज संध्याकाळी चॅपेलमध्ये जपमाळ व्हायची, आणि एक लहान मूर्ती, हातभर उंचीची, गावातल्या ख्रिस्ती घरांमधून फिरायची. घरंच थोडी, त्यामुळे तिला पुन्हा पुन्हा त्याच घरी जावं लागे. संध्याकाळी नेलेली मूर्ती रात्रभर त्या घरी, सकाळी प्रार्थनेच्या आधी परत शाळेत. ही मूर्ती मोठ्या मूर्तीपेक्षा गोड होती. निळी शाल, पांढराफेक चेहरा, डाव्या हातावर बाळ, आणि बाळाच्या पायाचा एक अंगठा उडालेला.

त्या दिवशी पाळी मार्थाबाईची होती. मार्थाबाई शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, जालन्याकडची, आणि आमच्या मळ्याच्या कडेलाच तिची खोली होती. दिवेलागणीला ती मूर्ती घेऊन घरी आली आणि पाठोपाठ निरोप आला, लेकीला कळा सुरू झाल्या, लगेच निघ. वळसा घालून शाळेच्या फाटकापर्यंत परत जायलाही वेळ नव्हता, मोटर चुकली असती. कुलूप लावलेल्या घरात मारियेला एकटीला ठेवायची तर सोयच नाही. ती सरळ आमच्या अंगणात आली आणि मूर्ती आत्याच्या हातात दिली.

"द्वारका, आजची रात ठेव हिला. सकाळी इमलसंगं शाळेत पाठव. माझी लेक अडली गं."

आत्या म्हणाली, "जाय तू. पोरीकडं पाह्य." एवढंच. मार्थाबाई पळाली, आणि आत्या अंगणात मूर्ती धरून उभी राहिली. एखाद्यानं तान्हं मूल हातात देऊन निघून जावं तशी.

माय त्या दिवसांत बाहेर बसलेली होती. म्हणजे दाराजवळच्या कोपऱ्यात तिचं वेगळं अंथरूण, वेगळं ताट, आणि चार दिवस चुलीला, देवाला शिवायचं नाही. तिथूनच ती म्हणाली, "अक्का, देव्हाऱ्यात नका ठेवू. आपले देव काय म्हनतीन." बाबा म्हणाले, "काय म्हनतीन? पावनी हाय." शेवटी धान्याच्या कणगीवर पाट ठेवून, पाटावर धुतलेलं फडकं घालून तिला ठेवली. आत्यानं निरांजन लावलं. आमच्या घरात त्या रात्री कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकर आणि वांग्याचं भरीत होतं. त्याचा नैवेद्य दाखवला. मी तिच्यापुढे क्रूस केला आणि शाळेतली प्रार्थना म्हटली. बाबा, माय, आत्या सगळे गप्प ऐकत होते. माशांविषयी कोणी काही बोललं नाही. मला इतकं भारी वाटलं म्हणून सांगू, साऱ्या घरात त्या रात्री पाहुणीची भाषा येणारी मी एकटीच होते.

सकाळी मी विहिरीवर तोंड धुऊन आले, तर घरात माय आणि आत्याचं हळू आवाजात चाललं होतं.

"आता ते मारियामाय निंगन," आत्या म्हणत होती. "आन् वटी?"

घरी आलेली सवाशीण, मग ती माणूस असो की देवी, रिकाम्या ओटीनं जाऊ द्यायची नाही. हे आमच्याकडे श्वास घेण्याइतकं ठरलेलं. कडेवर लेकरू असलेली, नवरा जिवंत असलेली बाई रात्रभर राहिली, जेवली, आणि सकाळी तिला तशीच पाठवायची? घराला ते सोसलं नसतं. पण भरायची कोणी? माय शिवायची नव्हती. आत्याला हक्क नव्हता. शेजारीण बोलवावी तर दुसऱ्यांची देवी घरात आणली म्हणून गावभर झालं असतं.

माय कोपऱ्यातून आत्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "अक्का, तुमीच भरा."

"म्या?"

"तिले काय मालूम तुमी कोन हा ते. तिच्या शिस्टरायच्या कपाळीबी नाई. खन माह्या पेटीत हाय, हिरवा. मेनाचा करंडाबी तिथंच हाय."

मला वाटलं, आता आत्या चुलीमागे जाऊन बसणार. पण ती उठली, हात धुतले, पदर डोक्यावरून घेतला. पेटी उघडून खण काढला. तांदूळ, सुपारी, हळकुंड, घरातला नारळ. खणावर सगळं मांडून तिनं ते मारियेच्या पायाशी ठेवलं. मग करंड्यातलं मेण करंगळीवर घेतलं, आणि त्या पांढऱ्या कपाळावर गोल लावलं. मेणावर पिंजर, कोरडं कुंकू. कुंकू गोल आलं, वाटाण्याएवढं, थेट भुवयांच्या मधे. कितीतरी वर्षांत तिनं कुणाला कुंकू लावलं नव्हतं. लावून झाल्यावर ती मागे सरकली आणि मूर्तीकडे पाहत म्हणाली, "आता दिसते माय."

आणि मला नारळ आठवला. बादली आठवली. मी रडायलाच लागले. "आत्या, मले काढतीन शाळेतून!" सगळं सांगितलं. पुसू या म्हणून मी फडकं घेतलं, तर आत्यानं माझा हात धरला. तिचा चेहरा एकदम उतरला होता. "मले नव्हतं मालूम वं," ती म्हणाली. आणि लगेच, "पन पुसू नको. लावलेलं पुसत नाई. मी येतो संगं. मी सांगतो त्यायले."

आत्या पहिल्यांदाच भिंतीच्या त्या बाजूला आली. मूर्ती तिनं छातीशी धरली होती, ओटीचं गाठोडं माझ्या हातात. ओळी लागल्या होत्या. रुळावर ठोका पडून गेला होता. शेदीडशे पोरांच्या माना आमच्याकडे वळल्या आणि सिस्टर रेमेडिया व्हरांड्यातून उतरून आल्या. त्यांनी मूर्ती घेतली. चेहरा पाहिला. माझ्या हातातलं गाठोडं पाहिलं.

"मार्था कोठे आहे?"

मी सांगितलं.

"हे कोणी केले?"

"मिनं केलं," आत्या म्हणाली. "लेकरावर राग काढू नका शिस्टरबाई. तिले काई मालूम नव्हतं. तिचं नाव नका काढू शाळेतून. तिले मीच इथं घातलं हाय."

सिस्टरांनी बाहीतून रुमाल काढला, शेजारच्या माठातल्या पाण्यात बुडवला, पिळला, आणि मूर्तीच्या कपाळावर ठेवून पुसायला लागल्या. लाल रंग ओघळून नाकापर्यंत आला.

तेव्हा आत्या ओरडली. मी तिला आयुष्यात तसं ओरडताना पुन्हा ऐकलं नाही. "नका पुसू वं माय! नका पुसू असं!" आणि तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं कपाळ झाकून घेतलं.

सिस्टरांचा हात थांबला. आत्या खाली बसली होती आणि बोलत होती, सिस्टरांशी की जमिनीशी कोण जाणे. "माह्यं असंच पुसलं व्हतं. वल्ल्या फडक्यानं. साऱ्या लोकायसमोर. मी पंधरा-सोळा वर्साची व्हतो. तुमचं नसन चालत, मले मान्य हाय. मिनं तिची वटी भराले नव्हती पायजे, आमच्यातबी मले भरता येत नाई. पन त्या मायचं नका पुसू. तिचा मानूस जिता हाय ना? हाय ना जिता?"

सिस्टर रेमेडिया हातातल्या मूर्तीकडे पाहत राहिल्या. वऱ्हाडी त्यांना धड कळायची नाही, आम्हांला त्या दोन-दोनदा विचारायच्या. त्या दिवशी काही विचारलं नाही. रुमालाच्या कोरड्या टोकानं त्यांनी नाकावरचा ओघळ तेवढा टिपला. मेणात बसलेलं कुंकू तसंच होतं, थोडं फिकट, कडा विस्कटलेली.

"हो," त्या म्हणाल्या. "बाळ एवढे लहान आहे. म्हणजे जोसेफ आहे."

मग त्यांनी मूर्ती नेहमीच्या जागी, व्हरांड्यातल्या चौरंगावर ठेवली. माझ्या हातातलं गाठोडं घेतलं, आतला खण उलगडून पाहिला आणि तो मूर्तीच्या पायाखाली अंथरला. तांदूळ आणि नारळ स्वयंपाकघरात पाठवला. "पुढच्या वेळी आधी मला विचारायचे," त्या आत्याला म्हणाल्या, अगदी आम्हांला म्हणायच्या त्याच कडक आवाजात. "विमल, ओळीत उभी राहा. डोळे मिटा सर्वांनी."

मी ओळीत जाऊन उभी राहिले. माझा जीव भांड्यात पडला होता. डोळे मिटले नाहीत, हे कबूल करायला आज हरकत नाही, आत्याकडे पाहत होते. ती उठून उभी होती, हात जोडून, प्रार्थना संपेपर्यंत. दुपारी बाराच्या घंटेनंतर प्रत्येकाच्या हातावर नारळाचा नखाएवढा एक एक तुकडा आला.

तेव्हापासून आमच्या घरी एक नवीन प्रार्थना सुरू झाली. मी शाळेतून आले की आत्या चुलीपुढून किंवा वाफ्यातून मान वर न करता विचारायची, "हाय का?" आणि मी म्हणायची, "हाय." बस, एवढीच. दप्तर ठेवायच्या आधी. मूर्ती घरोघर जाऊन यायची, महिना सरला तशी ती व्हरांड्यातच राहिली, कुंकू फिकट गुलाबी झालं, पण होतं. ज्या दिवशी मी शाळेला जात नसे त्या दिवशी आत्या जरा गप्प असायची. मला तिची भीती कळत होती. सिस्टरांनी त्या दिवशी सोडलं, पण रोज कोण सोडतं? फादर येतील, मोठ्या सिस्टर येतील, कोणी पाहील आणि म्हणेल, हे काय, पुसा.

नाताळ जवळ आला आणि खामगावहून रंगारी आला. उस्मानचाचा म्हणायचो आम्ही त्यांना. नाताळच्या मिस्सेला, फादरांच्या मोठ्या प्रार्थनेला, पाहुणे येणार होते, म्हणून चॅपेलच्या भिंती, दारं, आणि सगळ्या मूर्ती रंगवायच्या होत्या. मोठी मूर्ती झाली. मग एका सकाळी चाचांनी व्हरांड्यातली लहान मूर्ती लिंबाखाली आणून स्टुलावर ठेवली. आमचा वर्ग समोरच होता. मी खिडकीतून पाहत होते. शालीला निळा लागला. बाळाला नवा अंगठा आला. मग चाचांनी ब्रश पुसला, पांढऱ्या रंगाचा डबा उघडला, मूर्ती स्वतःकडे वळवली आणि हनुवटीपासून वर रंगवायला सुरुवात केली. हनुवटी झाली. गाल झाला. आणि घंटा झाली.

मला उभं राहावं लागलं. डोळे मिटावे लागले. सिस्टर रेमेडिया समोर होत्या आणि त्या दिवशी त्यांची नजर माझ्यावरच होती. तोवर शाळेतल्या सगळ्या प्रार्थना मी पाढ्यांसारख्या म्हणत आले होते. बेरजेत चूक होऊ नये, ठेच्याची गोळी जाऊ नये, एवढंच माझं मागणं. त्या दुपारी मी पहिल्यांदा खरोखर मागितलं. कोणाकडे, ते मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. ओठ शाळेचे शब्द म्हणत होते आणि आतून मी म्हणत होते, कपाळ राहू दे, कपाळ राहू दे, घरी गेल्यावर आत्याले काय सांगू. आयुष्यात नंतर पुष्कळ मागितलं, दवाखान्यांच्या बाकांवर, रेल्वेच्या फलाटांवर. इतक्या जोरानं क्वचितच.

आमेन झालं. मी डोळे उघडले. उस्मानचाचा लिंबाखाली ब्रश हातात धरून तसेच उभे होते. घंटा झाली म्हणून तेही थांबले होते, बैलांसारखेच, आणि ब्रश कपाळापासून वीतभर लांब होता. सिस्टर रेमेडिया वर्गातून बाहेर गेल्या, माझ्या खिडकीसमोरून, मैदान ओलांडून.

"कपाळ सोडा," त्या म्हणाल्या.

"दाग राहून जाईन ना, बाई," चाचा म्हणाले. "नव्या रंगात लय दिसून पडन."

"दिसू दे," सिस्टर म्हणाल्या आणि जेवणाच्या सुट्टीचा ठोका द्यायला गेल्या.

मी जेवणाआधीच्या प्रार्थनेला थांबले नाही. भिंतीच्या पडक्या भागातून मळ्यात उडी मारली आणि वाफे तुडवत पळाले. बाबा नुकतेच बैल सोडत होते. "काऊन वं, काय झालं?" ते म्हणाले. आत्या हरभऱ्याची भाजी खुडत होती. तिनं मान वर केली, विचारायला तोंड उघडलं, पण मी तिला विचारूच दिलं नाही. "हाय!" मी ओरडले. "आत्या, हाय! रंग मारला तरी हाय!" आणि तिला सगळं सांगितलं, चाचा काय म्हणाले ते, सिस्टर काय म्हणाल्या ते, दोन-दोनदा. आत्यानं पदरातली भाजी खाली ठेवली. माझ्या तोंडावरचा घाम पुसला. "चाल," ती म्हणाली, "भाकर खाय आधी. उपाशी पळत आली." पण चुलीकडे जाताना तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो किती हलका झाला होता ते मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याचा बाजार होता. पहाटे बाबांनी वांग्यांची, मेथीची पोती गाडीत चढवली. बैल जुंपले. मी पांघरुणातून ऐकत होते, गोठ्याकडे जाणारी पावलं ऐकू येतील म्हणून. ती आली नाहीत. उठून दारात आले तर आत्या अंगणात सडा टाकत होती, गाडीच्या पुढ्यातच. बाबा कासरा हातात घेऊन तिच्याकडे पाहत होते. मायही पाहत होती. आत्यानं सडा संपवला, बादली बाजूला ठेवली आणि बाबांना म्हणाली, "बाजारातून माह्यासाठी सुई आनजो."

"आनतो, अक्का," बाबा म्हणाले आणि गाडी हाकली. चाकं ओल्या सड्यावरून गेली.

संध्याकाळी गाडी रिकामी होऊन परत आली.